दहातले सात

संध्या करवंदवाडीच्या फाट्यावर जीपमधून उतरली तेव्हा अकरा वाजत आले होते, आणि आभाळ इतकं स्वच्छ होतं की त्याने आज तिची अब्रू काढायचीच ठरवली असावी.

फाट्यावरच्या टपरीत गोटीराम चहा गाळत होता. तिला पाहून त्याने फडकं खांद्यावर टाकलं.

“काय वेधशाळा, मंगळवारी कशी काय वाट वाकडी केली? आज टोपी घालायची का छत्री धरायची?”

“आज ताडपत्री काढून ठेव, गोटीरामदादा.”

गोटीराम हसला, बाकावरचे दोघे हसले. तीही हसली, कारण न हसून कुठे जाणार होती? वर्षभर हे नाव तिला चिकटलं होतं. नाशिकच्या हवामान केंद्रात तिला चार वर्षं झाली होती. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, वारा लिहायचा आणि वरून आलेला अंदाज शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत उतरवायचा, हे तिचं काम. सगळा जिल्हा तिने लिहिलेलं वाचत होता, फक्त तिची वाडी तिला हसत होती.

दोष वाडीचा नव्हता. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिने घरी फोन केला होता: दोन दिवसांत जोराचा पाऊस येणारच, उभं भात आडवं होईल, कापून घ्या. फोन मधल्या चुलत्यांच्या बायकोने, लंकाकाकीने, घेतला होता. ती घरोघर फिरली. आमच्या संध्याचा फोन आहे, आमची पोरगी सरकारात आहे, विळे काढा. वाडीने आठ दिवस आधीच, दाण्यात दूध असताना भात कापलं. मग पाऊस आलाच नाही. ऊन मात्र असं पडलं की आभाळ जणू दात काढत होतं. तो हिरवा दाणा घोटीच्या गिरणीत गेला आणि तुकडे होऊन बाहेर पडला. वर्षभर वाडीच्या ताटात कण्या होत्या. दुधाने तोंड पोळलेली वाडी आता ताक तर सोडाच, पाणीही फुंकून पीत होती.

म्हणून आज तिने फोन केला नव्हता. सकाळी आलेला कागद तिच्या पर्समध्ये होता. अरबी समुद्रात वादळ तयार होत होतं, ते उत्तरेला सरकत होतं, बुधवारी दुपारी अलिबाग-मुंबईच्या बाजूला जमिनीवर चढेल असा अंदाज होता. बोटी परत बोलावल्या होत्या. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस. निफाडच्या द्राक्षवाल्यांचे फोन ती सकाळपासून घेत होती. त्यांना फोन पुरत होता. करवंदवाडीला समोर जाऊन सांगायला हवं होतं, म्हणून साहेबांकडून दीड दिवसाची रजा घेऊन ती आली होती.

तिने बांधावरून खाली पाहिलं. सगळी खाचरं कापून झाली होती. इंद्रायणीचे कडपे, मूठ मूठ कापून मांडलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हात वाळत पडले होते. दहा वर्षांत असं पीक आलं नव्हतं. आणि ते सगळं उघड्यावर, जमिनीला टेकलेलं होतं. दोन दिवस पाण्यात राहिलं तर दाण्याला तिथल्या तिथे मोड येतात, आणि मोड आलेलं भात गुरंही नीट खात नाहीत.

हिरामणतात्या आंब्याखाली भाकर खात बसले होते. थोरले चुलते, घरचे कारभारी. शेजारी मधले रावजीकाका खाली मान घालून कांदा फोडत होते. हिरामणतात्यांची बायको कुसाबाई आणि संध्याची आई भागीबाई भारे बांधायला पेंढ्याचे आळे, म्हणजे दोर, वळत होत्या. आईने लेकीला पाहिलं आणि हातातला आळा तसाच राहिला. कामाच्या दिवशी पोरगी उगाच येत नसते, हे तिने ओळखलं.

“बस,” हिरामणतात्या म्हणाले. “भाकर खा. मग सांग काय सांगायचं ते.”

“भाकर नंतर खाते, तात्या. उद्या दुपारी वादळाचा पाऊस आहे. आज दिवस मावळायच्या आत भात उचलायला हवं.”

रावजीकाकांनी कांद्याची पाकळी तोंडात टाकली आणि जास्तच वेळ चावली.

“समुद्रात वादळ आलं,” हिरामणतात्या शांतपणे म्हणाले, “तर आपल्याला काय? समुद्र कुठं, आपुन कुठं?”

“कसारा उतरलं की पलीकडे समुद्रच आहे, तात्या. मध्ये अडवायला आपलाच डोंगर. ढग येऊन त्यालाच टेकतात.”

“बरं. आणि हे उचलायचं कुठं? दोन दिवसाचा कडपा हाय. ओला घातला उडवीत तर आतून तापंल, काळा पडंल. तुझा पाऊस नाय आला, तर पावसाशिवायच भात जाईल. तसं येक डाव झालंय.”

हा खरा मुद्दा होता, आणि संध्याला तो माहीत होता. सुकलेल्या भाताची गंजी, म्हणजे उडवी, दगडाच्या ओट्यावर रचली की पावसाळाही काढते. ओलसर भाताची उडवी मात्र पोटातून सडते.

“चार दिवसांनी मोडू, परत वाळवू,” ती म्हणाली. “काम दुप्पट होईल, हे खरं. पण भात राहील.”

“आणि खळं?” कुसाबाईने हळूच विचारलं. “खळं उघडायचं हाय गुरुवारी.”

ते मात्र संध्या विसरली नव्हती, तरी तिने मनातल्या मनात बाजूला सारलं होतं. या घरात कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, पूजा झाल्याशिवाय पेंढीसुद्धा खळ्यावर येत नाही, आणि उडवीचा ओटा खळ्यावरच आहे. पूजा साधीच. पण पहिला भारा घोंगडीवर ठेवून घरातल्या सगळ्या सुनांनी मिळून आणायचा, घोंगडीचे चारही कोपरे धरून. एक जरी सून कमी असली तरी खळं उघडत नाही. आणि सून कमी होती. रावजीकाकांची लंका गेल्या वर्षीपासून खळ्यावर फिरकली नव्हती.

कारण हिरामणतात्यांची जीभ. कण्यांचं पहिलं पोतं गिरणीतून आलं त्या दिवशी ते सगळ्या वाडीसमोर म्हणाले होते, “विळ्यानं नाय, लंकाच्या तोंडानं भात कापलं.” लंकाकाकी तडक ओढ्यापलीकडे आपल्या घरी गेली. यंदा तिने स्वतःच्या अंगणात वेगळं खळं करायचं म्हणून माती चोपायला घेतली होती. रावजीकाका राबायला इकडे, जेवायला तिकडे. गुरुवारी काकीचा भाऊ घोटीहून येणार, तिची समजूत घालणार, मग पूजा, असं सगळं ठरलेलं होतं. एका घराची दोन खळी झाली की पुढे दोन घरं व्हायला वेळ लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या गुरुवारची सगळे वाट पाहत होते.

“बुधाआज्याला विचारू,” रावजीकाका म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं वाक्य असावं.

बुधाआजा संध्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ. वाडीचा भगत. पावसाचं, पेरणीचं, लग्नाच्या तिथीचं त्याच्याशिवाय पान हलत नसे. तो काठी टेकत खाचराच्या कडेला आला, ऐकून घेतलं, पश्चिमेच्या डोंगराकडे पाहिलं. मग वाकून वारुळापाशी मुंग्यांकडे पाहिलं. संध्याला वाटलं, आता आजा म्हणेल, हो, मलाही दिसतंय.

“मला तं काय दिसत नाय,” बुधाआजा म्हणाला. “मुंगी खुशाल हाय. वारा नाय. डोंगर लांब दिसतोय, पाऊस यायचा असला की जवळ दिसतो.”

“झालं,” हिरामणतात्या म्हणाले आणि भाकरीचं फडकं बांधायला घेतलं.

तेवढ्यात भागीबाई उठली. संध्याने आपल्या आईला मोठ्याने बोलताना फार कमी वेळा ऐकलं होतं. गेणू गेल्यापासून, म्हणजे संध्याचे वडील गेल्यापासून, ती दिरांच्या शब्दाला उलट शब्द बोलली नव्हती. आताही ती मोठ्याने नाही बोलली. आळा मात्र तिने खाली टाकला.

“मामंजी, येक विचारू का? तुमी कधी चुकला नाय का?”

बुधाआजाने काठी या हातातून त्या हातात घेतली.

“माझं लगीन झालं त्या वर्षाला तुमी सांगितलं, मिरग लवकर येईल. पेरा केला. येक थेंब नाय. दुबार पेरणी केली. पोळ्याला सांगितलं पाऊस संपला, आन् नदीला पूर. नागलीची तर मी मोजणीच करत नाय. तुमाला कोणी नाव ठेवलं? कोणी टपरीवर हसलं? म्हणले, देवाची मर्जी. माझी पोरगी येक डाव चुकली, तिचं नाव पडलं वेधशाळा. तिला देव नाय का?”

कुसाबाईने पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की धास्तीने, ते कळलं नाही. हिरामणतात्या संतापून काही बोलणार, तोच बुधाआजाने काठी आपटली.

“खरं हाय,” तो म्हणाला. “लय डाव चुकलो. कोणी मोजलं नाय म्हणून मी बी मोजलं नाय.” तो संध्याकडे वळला. “मला दिसत नाय, पर मला तं डोंगरापलीकडचं कधीच दिसलं नाय. तुला दिसतं. मी गुरुवारची पूजा आज करतो. कणसरीला वार नसतो. पर सुना सगळ्या लागतील. त्यात मी काय करू शकत नाय. त्यो नेम माझा नाय, देवीचा हाय.”

सगळ्यांनी हिरामणतात्यांकडे पाहिलं. हिरामणतात्यांनी डोंगराकडे पाहिलं.

“मी नाय जाणार बोलवायला,” ते म्हणाले.

“मी जाते,” संध्या म्हणाली. “मीच जायला हवं. तिला कापायला मीच लावलं होतं.”

ओढा ओलांडायला चार ढांगा लागतात. संध्याला त्या चार ढांगांत सगळं वर्ष ओलांडल्यासारखं वाटलं. वर्षभरात ती तीनदा घरी आली होती आणि तीनही वेळा काकीच्या दारावरून मान खाली घालून गेली होती. आपण मोजमापाचं काम करतो, आणि आपल्या चुकीचं माप घ्यायचं म्हटलं की पाय मागे घेतो, याची तिला लाज वाटली.

लंकाकाकी अंगणात नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं बडवत होती. संध्याला पाहूनही दांडकं थांबलं नाही.

“या सरकार,” काकी म्हणाली. “आता काय कापायचं? नागली तं कापून झाली. गळा ऱ्हायलाय.”

“काकी, उद्या दुपारी वादळाचा पाऊस आहे.”

धप्प. धप्प. दांडकं चालूच होतं.

“येणारच?” काकीने विचारलं. तो शब्द तिने असा उच्चारला की संध्याला वर्षभराच्या कण्या त्यात ऐकू आल्या.

“नाही,” संध्या म्हणाली. “येणारच असं नाही.”

दांडकं थांबलं.

“अशी परिस्थिती दहा वेळा आली,” संध्या म्हणाली, “तर सात वेळा पाऊस येतो. तीन वेळा वादळ वळतं, नाहीतर समुद्रातच विरतं. दहातले सात. त्याहून जास्त मला माहीत नाही, आणि दुसऱ्या कोणालाही नाही.”

काकीने कपाळावरचा घाम पुसला. “आन् मागल्या खेपेला किती होतं?”

या प्रश्नासाठीच आपण वर्षभर हे दार टाळत होतो, हे संध्याला त्या क्षणी कळलं.

“दहातले सहा.”

“मंग सांगितलं का नाय?”

“भीती वाटली. सहा म्हटलं तर कोणी विळा उचलणार नाही, असं वाटलं. माझं कोणी ऐकावं म्हणून मी येणारच म्हटलं.”

लंकाकाकी खाली बसली, कणसांच्या ढिगाला टेकून.

“सहा तू बोललीस,” ती म्हणाली. “चार गिळलेस. ते चार आमच्या ताटात आले, पोरी.”

संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

“मी दारोदार फिरले,” काकी म्हणाली. “माझ्या तोंडाकडं बघून लोकांनी कापलं. तुझा शब्द व्हता, तोंड माझं व्हतं. मला तू सहा सांगितलं असतंस ना, मी सहाच सांगितलं असतं. ज्याला कापायचं त्यानं कापलं असतं, ज्याला थांबायचं त्यो थांबला असता. मंग कोणाचं नाव कोणाला घ्यायची पाळी आली नसती. लोकं येडी नाईत. ढगावर जगतेत ती. दहातले सात म्हंजे काय, त्यांना तुझ्या सायबापेक्षा जास्त कळतं.”

“चुकले मी, काकी.”

“चुकलीसच.” काकी उठली, नागलीवर गोणपाट ओढलं, पदर खोचला. “आन् तात्यांनी माफी मागायला धाडलंय का तुला?”

“नाही. ते म्हणाले, मी नाही जाणार.”

“तेच ते. खोटं बोलली असतीस तं मी आले नसते.” ती ओढ्याकडे चालायला लागली. “चल. भात माझं बी पडलंय तिकडं.”

खळ्यावर पोचल्यावर दोघी थबकल्या. हिरामणतात्या उकिडवे बसून शेणाने खळं सारवत होते. सारवणं हे या घरात पुरुषाने कधी केलेलं काम नव्हतं, आणि ते त्या खळ्याकडे पाहूनच कळत होतं. कुठे शेणाचा थर बोटभर, कुठे नुसतं ओलं. कुसाबाई बाजूला उभी होती आणि नवऱ्याला काही न बोलण्याचा फार मोठा प्रयत्न करत होती.

लंकाकाकी थोरल्या दिराशी सरळ बोलत नसे. या घराची ती रीतच होती. तिने कुसाबाईला विचारलं, “आक्का, खळं कोणी सारवलं?”

“ह्यांनी.”

“दिसतंय.”

हिरामणतात्यांनी वर पाहिलं नाही. पण सारवणारा हात थांबला.

“रावज्या,” ते भावाला म्हणाले, “सांग तिला. कण्या विळ्यानं झाल्या नव्हत्या, तोंडानं बी नाय. मी बी कापलंच व्हतं की. मला माझ्या डोक्यानं थांबता आलं असतं.”

रावजीकाका बायकोकडे वळले. “ते म्हणतेत...”

“ऐकलं,” लंकाकाकी म्हणाली. “सांगा त्यांना, बादली इकडं द्या. असं सारवलं तं कणसरी घसरून पडंल.”

तिने बादली घेतली आणि अर्ध्या घटकेत खळं आरशासारखं झालं. बुधाआजाने नारळ फोडला, शेंदूर लावला, पुटपुटला. मग तीन सुना घोंगडी घेऊन खाचरात उतरल्या. भागीबाई जरा मागे राहिली. विधवेने पुढे व्हावं की नाही, हा तिचा दरसालचा संकोच. दरसालसारखंच बुधाआजाने तिला हाक मारली, “भागी, धर. कणसरी कुंकू बघत नाय, हात बघती.” तीन सुना आणि कोपरे चार. चौथा कोपरा आजवर थोरली सून, कुसाबाई, दुसऱ्या हाताने धरायची. आज तिने तो सोडला.

“संध्या, धर तू.”

“काकू, मी सून कुठे आहे?”

“आज तू आणलंयस भात खळ्यावर,” कुसाबाई म्हणाली. “धर.”

बुधाआजाने याला नेम आहे की नाही ते सांगितलं नाही. त्याने फक्त दुसरीकडे पाहिलं, आणि संध्याने कोपरा धरला.

मग कामाला असा वेग आला की भाकरी कोणी खाल्ली आणि कोणी नाही याची शुद्ध राहिली नाही. हिरामणतात्यांनी थोरल्या मुलाला, मनोजला, घोटीला फोन केला आणि काळं प्लास्टिक आणायला सांगितलं. दीड वाजता लंकाकाकी बांधावर चढली. तिचा आवाज चार खाचरांपलीकडे जातो, हे वाडीला गेल्या वर्षीपासून चांगलंच ठाऊक होतं.

“आयका रे,” ती ओरडली. “उद्या दुपारच्याला वादळाचा पाऊस हाय. येईलच असं नाय. दहातले सात हायेत. तीन तुमच्या नशिबाचे. आमी भात उचलतोय. ज्याला उचलायचं त्यानं उचला, ज्याला ठेवायचं त्यानं ठेवा. उद्या माझ्या नावानं कोणी बोंबलायचं नाय.”

वाडी आधी चक्रावली. मग माणसं बांधावर उभी राहून हिशोब करू लागली. कोणी म्हणालं, सात म्हंजे लय झाले. कोणी म्हणालं, तीन बी काय थोडे नाईत. पण कोणी हसलं नाही. दिवस मावळेपर्यंत वाडीतली सगळी खाचरं रिकामी झाली होती. फक्त गोटीरामचं भात राहिलं. तो म्हणाला, माझा तिनांवर भरवसा.

बुधवारी सकाळी आभाळात पातळ दुधाळ ढग होता आणि अधूनमधून ऊन पडत होतं. अकराला चांगलंच ऊन पडलं. संध्या खळ्याच्या कडेला बसून पश्चिमेकडे पाहत होती. रेडिओवर आता वादळाचं नावही सांगितलं होतं, फयान. लंकाकाकीने ते ऐकून विचारलं होतं, याचं बारसं कोणी केलं आणि घुगऱ्या कोणाकडे होत्या.

बारा वाजता संध्याला आपल्या मनातलं एकदम दिसलं आणि ती हादरली. ती वादळ यावं म्हणून प्रार्थना करत होती. समुद्रात बोटी होत्या, निफाडला द्राक्षांना फुलोरा होता, आणि ती मात्र आपला शब्द खरा व्हावा म्हणून वादळाला बोलावत होती.

“आई,” ती भागीबाईला म्हणाली, “नाही आलं तर बरं होईल. लोकांचं वाचेल.”

“आन् तुझं?”

“मी सात म्हटलं होतं. तीनही मीच म्हटलं होतं.”

हे बोलल्यावर तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. गेल्या वर्षीपासूनचं. आता आभाळाने काहीही केलं तरी ती खोटी ठरणार नव्हती.

एक वाजता डोंगर दिसेनासा झाला. आधी वारा आला, पानं उलटी करणारा, मग खालून वर चढणारा काळा ढग, आणि मग पाऊस. तो वरून पडत नव्हता, आडवा येत होता. उडवीवरचं प्लास्टिक फडफडलं, दोरांना ताण बसला, पण धरून राहिलं. हिरामणतात्या, रावजीकाका आणि मनोज दोर धरून उभे होते. दोन भाऊ वर्षात पहिल्यांदा इतके जवळ उभे होते.

“गोटीरामचं,” लंकाकाकी ओरडली आणि धावत सुटली.

तिच्यामागे सगळी वाडी धावली. ज्यांची भातं झाकलेली होती, त्यांचे हात रिकामे होते. मुसळधार पावसात माणसं कडपे उचलून गोटीरामच्या पडवीत, टपरीत, बाकावर, जिथे जागा दिसेल तिथे टाकत होती. निम्मं भिजलं, निम्मं वाचलं. गोटीराम चिंब होऊन उभा होता. संध्या भारा घेऊन त्याच्याजवळून गेली तेव्हा तो म्हणाला, “संध्याताई, ते तीन गेले कुठं?”

“पुढच्या खेपेला येतील, दादा. ते जातात कुठे?”

तो हसला. वेधशाळा म्हणाला नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

गुरुवारी ती नाशिकला परतली. केंद्रात फोन थांबत नव्हते. निफाडचे बागायतदार फुलोरा गळल्याचं सांगत होते, आणि ती प्रत्येकाचं ऐकून घेत होती, कारण अंदाज बरोबर आला म्हणून कोणाचं नुकसान कमी होत नाही. त्या दिवशी तिने पत्रकाच्या मसुद्यात पाऊस येणार याच्यापुढे एक ओळ घातली: असे दहा दिवस आले तर किती दिवस पाऊस पडतो, ती. साहेबांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. “लोक गोंधळतील,” ते म्हणाले. “नाही गोंधळणार, सर,” ती म्हणाली. साहेबांनी ती ओळ खोडली नाही. वर पाठवून बघू, म्हणाले.

पुढच्या सोमवारी सकाळी, पाऊस मोजून ती आत येते न येते तोच मोबाइल वाजला.

“संध्या का?” लंकाकाकी. मागून झोडणीचा धप्प धप्प आवाज येत होता, एका नाही, चार-पाच हातांचा. “उडवी मोडली काल. तापली नव्हती, हात घालून बघितलं. दाना मोत्यावाणी हाय. तात्या म्हणतेत, म्हंजे ह्यांना म्हणत व्हते, मी आयकलं, की यंदा पहिला तांदूळ तुला धाडायचा.”

“धाडा की.”

“ते राहू दे. उद्या उकडा तांदूळ वाळत घालायचा हाय खळ्यावर. आभाळ जरा धुरकट वाटतंय. किती सांग.”

संध्याने समोरचा कागद पुढे ओढला. तिला फार वाटलं की नाही येणार म्हणून टाकावं, काकीचं मन निश्चिंत करावं.

“दहातला एक,” ती म्हणाली.

पलीकडे काकीने तोंड फोनपासून बाजूला करून खळ्यावर ओरडून सांगितलं, “येक म्हणती.” आणि फोनमध्ये म्हणाली, “बरं. वाळत घालते. ताडपत्री हाताशी ठेवते.”